ळ

आमच्या घरात ळ नाही.
केळं म्हणजे केयं, डोळा म्हणजे डोया,
आणि बाबा अजूनही जळगावला जयगाव म्हणतात,
सव्वीस वर्षं एसटीच्या दारात उभं राहून
अमयनेर, पारोया, धुये
असं ओरडलेल्या तोंडानं.
जीभ उचलून टाळूपर्यंत न्यायची
आमच्यात कुणाला सवयच नाही.

म्हणून कल्पू बोलेनासा झाला
तेव्हा आधी कुणाच्या लक्षात आलं नाही
की तो जीभ टाळूला चिकटवून बसलाय,
उठल्यापासून निजेपर्यंत,
सगळी, पार मागच्या मुळासकट.
दोन वर्षांत जबडा पुढे येतो म्हणे.
चहा घेतोस? हं.
पेपर कसा गेला? हं.
आईला वाटलं, कुठल्यातरी पोरीनं नाही म्हटलं असेल.

मग डिंक आला.
पावशेर, बाभळीचा, बाळंतिणीच्या लाडवांत घालतात तो,
कच्चाच,
डावीकडे शंभर, उजवीकडे शंभर,
जेवताना त्याच्या कानाजवळ कट् कट् वाजायचं
आणि शेवभाजीचा रस्सा गार होऊन जायचा.
रात्री ओठांवर मेडिकलमधली कागदी पट्टी.
माझा भाऊ तोंड बंद करून झोपलेला,
जणू तिकीट न लावलेलं पाकीट.

एका रात्री गच्चीवरून ठक, ठक.
हलकं. मोजून मारल्यासारखं.
शेजारीण शेंगदाणे कुटत असेल, आई झोपेतच म्हणाली,
पण अडीच वाजता?
वर गेले तर तो पाण्याच्या टाकीला टेकून बसलेला,
हातात आमच्या खलाचा बत्ता,
फडक्यात गुंडाळलेला.
हाडाला मार बसला की ते जाड होऊन भरतं, ताई.
तीन महिन्यांतलं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य.

सकाळी गाल टरारून सुजलेला.
आई म्हणाली गालगुंड आणि हळद-चुन्याचा लेप थापला.
मी काही बोलले नाही.

का नाही, ते सांगते.
मी स्टेशन रोडच्या स्टुडिओत बसते.
पासपोर्टचे सहा फोटो साठ रुपये,
बायोडेटाचा असेल तर वीस जास्तीचे.
त्या विसांत मी मुरुमं पुसते, रंग थोडा उजळवते,
आणि हनुवटी धरून
माउसनं जरा पुढे ओढते.
अर्ध्या तालुक्याची लग्नं माझ्या तर्जनीखालून जमलीत.

दोन वर्षांपूर्वी कल्पूचा कॉलेजच्या फॉर्मसाठी फोटो काढला.
गिऱ्हाईक नव्हतं, दुपार होती.
ओढली त्याची पण, अर्धा बोट.
घे हिरो, म्हटलं.
दोघं पोट धरून हसलो.

तो फोटो त्यानं टाकीपाशी मला दाखवला.
जपून ठेवलेला.
असा, म्हणाला. एवढंच पाहिजे.
मी मोठा करून पाहिला
तर डाव्या कानाखाली रेघ किंचित वाकडी,
फुगीर, माझ्याच हातून निसटलेली,
छापताना मला दिसलीही होती,
फॉर्मला काय चालतं, म्हणून सोडून दिलेली.
बत्ता तो तिथंच मारत होता.
बरोब्बर तिथं.

संध्याकाळी बाबा आले, खाकी शर्ट खुंटीला लावला,
लेपाखालचं तोंड पाहिलं,
स्वतःच्या नसल्यासारख्या हनुवटीवरून हात फिरवला.
तुले काय व्हयनं रे?
कल्पूला दात मिटवता येईनात.
टाळूला लावलेली जीभ आपोआप खाली आली,
लाळ ओघळली.
भाकरी नको, वरणही नको.
केयं, म्हणाला.
बाबांनी सोलून, चमच्यानं कुस्करून दिलं,
त्याला भरवताना
प्रत्येक घासाला स्वतःचंही तोंड उघडत.

दुसऱ्या दिवशी चोपड्याकडची एक बाई आली,
मुलगा सोबत, नवा शर्ट, मान खाली.
तिनं वीस रुपये वेगळे काढून ठेवले काउंटरवर.
ह्याच्या हनुवटीचं जरा बघ ना, बेटा.

मी बघतच बसले.